नारळ, लॅपटॉप आनि माझा पहिला प्रोग्राम

आमच्यात लॅपटॉपवर नारळ फोडायची पद्धत न्हाई. म्हंजे, आता न्हाई.

मी सारिका, रानार कुरवंडे, लोनावळ्याच्या वरच्या अंगाला. (कुरवंडे म्हनलं की लोक विचारत्यात, "हे कुटं आलं?" नागफनी म्हनलं की लगेच, "अरे, तितं तर आमी भजी खाल्ली!" ती भजी आमचीच.) माझे सासरे, म्हंजे मामा, आनि सासू, म्हंजे आत्या, दोघांची तितं टपरी हाय. परीचे पप्पा ईको गाडीवर टुरिस्ट फिरवत्यात. परी म्हंजे आमची पोरगी, दीड वर्साची, आनि आवाज असा की घाट उतरून खोपोलीला ऐकू जाईल!

माझं शिक्षन म्हनाल तर बारावी. म्हंजे बारावीला बसले. उठले तवा लगीन ठरलतं.

मग हे कॉम्पुटरचं खूळ कुटनं शिरलं? टपरीवरनं. शनवार-रविवार पुन्याची पोरंपोरी येत्यात, मांडीवर लॅपटॉप, एका हातात भजं. मी एकीला विचारलं, "ताई, सुट्टीला आलाव आनि अभ्यास करताय व्हय?" ती म्हनली, "अभ्यास नाही हो, ऑफिस चालू आहे. प्रोग्रामिंग." म्हंजे भजी खात खात पगार! मी म्हनलं, यातलं अर्धं काम तर मला येतंयच. र्‍हायलेलं अर्धं शिकायला किती वेळ लागतोय?

तर मी मुक्त विद्यापीठाची ती बारावी न झालेल्यांची आधीची परीक्षा दिली, पास झाले (कुनाचाच विश्वास बसला न्हाई, माझा सुद्धा), आनि प्रोग्रामिंगच्या अगदी पहिल्या, बिगरीच्या कोर्सला माझं नाव लागलं. दर रविवारी लोनावळ्याच्या केंद्रावर क्लास. नाव लागलं त्या दिवशी मी उड्या मारल्या, आनि दुसऱ्या दिवशी मला ताप आला. भीतीनं!

कारन केंद्राच्या सरांचा फोन आलता. "ताई, आमच्याकडच्या सगळ्या मशीन आधीच भरल्यात. तुम्हाला स्वतःचा लॅपटॉप आणावा लागेल. पहिल्या रविवारी त्यावर पहिला प्रोग्राम चालवून दाखवायचा. नाही जमलं तर तुमची जागा दुसऱ्याला, तुम्ही पुढच्या वर्षी या."

पुडच्या वर्सी! हितं आत्यांनी आधीच सांगून ठेवलतं, "ह्या वर्सी शीक बाई. पोरीला मी बघते. पुडच्या वर्सी माझ्या गुडघ्यांचं मी सांगू शकत न्हाई, आनि ही पोरगी तर आत्ताच पळाया लागलीया." म्हंजे काय ते ह्याच वर्सी. पहिल्याच रविवारी. एकाच प्रोग्रामात. न्हाई तर मी आनि कांदा, जन्मभर.

परीच्या पप्पांनी शनवारी लोनावळ्यातनं एक जुना लॅपटॉप आनला. जुना म्हंजे नुसता म्हनायला, चालायचा एकदम झकास. मी संध्याकाळभर त्याच्यावर माझं नाव लिवलं. सारिका, सारिका, सारिका. किती छान दिसायचं! उद्याच्याला मी तयार होते. एकदम तयार.

रविवारी सकाळी आंघोळ करून, साडी नेसून बाहेर आले तर पडवीत मामा पाट मांडून बसलेले. पाटावर माझा लॅपटॉप. लॅपटॉपला झेंडूचा हार.

"मामा, हे काय?"

"नवं यंत्र दारात आलंय. पूजा न करता चालू करायचं व्हय? ईको आनली तवा काय केलतं?"

"अवो मामा, ईकोला चाकं हायत."

"म्हनून काय झालं? आपल्या पिठाच्या गिरनीला कुटं चाकं हायत? तिला बी केलीच की! आज वीस वर्सं दळतीया."

मी परीच्या पप्पांकडं बघितलं. ते म्हनाले, "करू दे गं. पाच मिन्टाचं तर काम हाय." (आमच्या घरातली सगळी मोठी नुकसानं ह्याच पाच मिन्टात झाल्यात.)

मामांनी चार लिंबं घेतली. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून वरनं गाडी नेत्यात ना, तसं. चाकं न्हाईत म्हनल्यावर चार कोपऱ्यांखाली चार लिंबं! लॅपटॉप आपला लिंबांवर डुगडुगतोय. आत्यांनी चार्जरच्या वायरीला लिंबू-मिरची बांधली. मग त्यांनी स्क्रीनच्या मदोमद हळदीकुंकवाचं बोट वडलं आनि बटनांवर अक्षता टाकल्या. थोड्याथोडक्या न्हाई, लगनात टाकतात तशा, मूठभर!

"आत्या, आत जात्यात तांदूळ!"

"जाऊ दे की. आशीर्वाद हाय."

"बरं मामा, झालं ना? मी जाते."

"अशी कशी जाती? नारळ?"

आता हितं तुमाला मामांच्या नारळाचं सांगितलं पायजे. गावात कुनाची गाडी येऊ दे, कुनाची बोर लागू दे, नारळ फोडायला बोलावनं आमच्या मामांना. एका दनक्यात दोन वाट्या, समान! दुसरा दनका त्यांनी आयुष्यात कधी मारला न्हाई. त्यात त्यांची इज्जत हाय.

"मामा, पाया पडते, ह्याला पानी चालत न्हाई."

"नारळाचं पानी हे पानी न्हवं. तीर्थ हाय ते."

"मग लांब फोडा. अंगनात फोडा."

"नारळ यंत्राच्या फुडं फोडायचा असतो. मागं फोडलेला चालत न्हाई." मग ते इचारात पडले. गाडीचं फुडं कळतंय, गिरनीचं फुडं कळतंय. लॅपटॉपचं फुडं कुटं असतं? त्यांनी चारी बाजूंनी बघितलं आनि निकाल दिला, "जिकडं ह्याचं तोंड उघडं हाय, ते फुडं." आनि दगड आनून ठेवला बटनांच्या बरोबर समोर, चार बोटांवर.

"निदान बंद तरी करते!"

"बंद यंत्राची पूजा करत्यात व्हय? ईकोचं इंजिन चालू होतं का न्हाई?"

होतं चालू. खोटं कशाला बोलू? मी डोळे मिटले, हात जोडले आनि म्हनलं, देवा, माझा प्रोग्राम चालू दे, बाकी कायबी कर.

ठप्प!

एका दनक्यात. दोन वाट्या. समान. आनि नारळ असा पानीदार निघाला, असा पानीदार निघाला, की मामांच्या मिशा भिजल्या, परी भिजली, झेंडू भिजला आनि लॅपटॉप तर न्हाऊन निघाला!

"बघा!" मामा आनंदानं वरडले, "इतकं पानी! लय भरभराट हाय सुनबाईची!"

मी पदरानं पुसाया धावले. बघते तर लॅपटॉप चालूच. माझं काल लिवलेलं नाव स्क्रीनवर. माझा जीव भांड्यात पडला, आनि पडला तसाच परत उडाला. कारन स्क्रीनवरची ती लुकलुकनारी रेघ आपोआप खाली चालली. कोन हात लावत न्हाई, कोन बटन दाबत न्हाई, अन् रेघ आपली खाली, आनखी खाली, आनखी खाली. आनि माझं नाव वर वर सरकत पार दिसेनासं झालं!

आत्यांनी छाती बडवली. "अवो, त्याच्या अंगात आलंय!"

"कुनाच्या?"

"मशीनच्या! बघा की, आपोआप हालतंय! पोरीचं नाव गिळलं त्यानं!" आनि आतनं भंडारा आनून लॅपटॉपसमोर उभ्या र्‍हायल्या, "कोन हाय तू? काय पायजे तुला? सांगून टाक!"

त्यानं काय सांगितलं न्हाई. थांबला. मग परत रेघ खाली, खाली, खाली.

परीच्या पप्पांनी वाकून बघितलं आनि म्हनाले, "अंगात-बिंगात काय न्हाई. एंटरचं बटन गेलंय. आपलं आपन दाबलं जातंय ते." (नवरा माझा हुशार हाय. फक्त पाच मिन्टं उशिरा असतोय.)

आता काय करायचं? उनात ठेवावा तर कुरवंड्यात त्या दिवशी असं धुकं की अंगनातली म्हस दिसंना. आत्या म्हनल्या, चुलीजवळ ठेव. मामा म्हनले, उलटा धरून झटका. शेवटी परीचे पप्पाच म्हनले, "माझा मोबाईल पान्यात पडलता तवा तांदळात ठेवलता. बरा झाला."

लॅपटॉप तांदळाच्या कोठीत! लिंबू-मिरचीसकट. आमच्या घरची इंद्रायनी, वरनं दोन वंजळी आनखी टाकली. मी कोठीसमोर पाटावर बसून रडतीया, परी माझ्याकडं बघून रडतीया, मामा म्हनत्यात, "नारळाचा काय दोष न्हाई, मशीनच हलकं," आनि क्लास दहाचा, घड्याळात नऊ वाजून गेलेले.

"चला," परीचे पप्पा म्हनले. "वल्ला तर वल्ला. जायाचं."

"मी येनार," मामा म्हनले. "सरांना सांगतो, काय कंडीशनचं मशीन हे. ईकोला कसं काय झालं न्हाई?"

"मग पोरीला घेऊन मी बी येते," आत्या म्हनल्या.

अशी मी विद्यापीठात पहिल्या दिवशी गेले. ईकोत फुडं मी, मांडीवर उघडा लॅपटॉप, गाडीचा हीटर फुल्ल त्याच्यावर सोडलेला, मागं सासू-सासरे घामानं निथळतायत, आनि समोरनं सगळं पुनं भजी खायला वर येतंय. एकेका गाडीतली लोकं वाकून बघायची. हार घातलेला लॅपटॉप नेनारी बाई त्यांनी कवा बघितली असनार?

क्लासमदे सगळी अठरा-एकोनीस वर्साची पोरं. माझ्या शेजारची पोरगी म्हनली, "काकू, इथे बसा." काकू! मी तेवीसची हाय! पन त्या दिवशी मला कुनी आज्जी म्हनलं असतं तरी चाललं असतं. मागच्या बाकावर मामा, आत्या आनि परी. परीचे पप्पा बाहेर गाडीपाशी. आनि दाराशी एक बाई नवाकोरा लॅपटॉप छातीशी धरून उभी, कुनाची जागा रिकामी व्हती का बघत. ती बघायची सगळ्यांकडं, पन थांबायची माझ्यावर!

सर आले. तरुन, चष्मेवाले, सभ्य मानूस. "ताई, उघडा लॅपटॉप."

मी उघडला. सळसळ आवाज झाला आनि बाकावर तांदूळ सांडले.

सर बघत र्‍हायले. "हे काय आहे?"

"इंद्रायनी, सर."

"नाही, ते... लॅपटॉपमधून का येतंय?"

मागनं मामा उभे र्‍हायले. "सर, वास घेऊन बघा. औंदाचाच हाय!"

सगळा वर्ग हसला. सरांनी चष्मा पुसला. "आणि स्क्रीनवर हा लाल डाग? स्क्रीन गेली का?"

"कुंकू हाय, सर."

"सवाष्नीच्या वस्तूला लावावं लागतंय," आत्या मागनं म्हनल्या.

"बरं," सर म्हनले, "चालू तरी होतो का?"

झाला चालू! मग सरांनी शिकवायला घेतलं. लय सोपं होतं, खरं सांगते. एक इंग्रजी शब्द लिवायचा, कंस करायचा, कंसात अवतरन चिन्हं देऊन आपलं नाव घालायचं, आनि एंटर दाबायचं. की कॉम्पुटर आपलं नाव छापून दाखवतो. "पण लक्षात ठेवा," सर म्हनले, "एंटर म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम, की आता कर. म्हणून सावकाश लिहा, दोनदा तपासा आणि सगळ्यात शेवटी एंटर."

सगळ्यात शेवटी! मी निम्मा शब्द लिवला, तर त्यानं आपलं आपन एंटर मारलं. स्क्रीनवर लाल अक्षरात कायतरी आलं, लय रागानं. परत लिवलं. कंसापर्यंत गेले. एंटर! परत लाल. परत लिवलं, नावापर्यंत गेले, "सारि" झालं, एंटर! लाल, लाल, लाल. असा माझा अपमान माझ्या नंदेनं सुद्धा कधी केला न्हवता.

"काकू, तुम्ही मधेच एंटर का दाबताय?" शेजारची पोरगी.

"मी कुटं दाबतीया गं? मी तर भिऊन त्या बाजूला बोट बी नेत न्हाई!"

एकेकाचं नाव छापून यायला लागलं. "सर, माझं झालं!" "सर, माझं पण!" सर माझ्याजवळ आले, हळू आवाजात म्हनले, "ताई, क्लास संपेपर्यंत वेळ आहे. पण नाही चाललं तर माझा नाइलाज आहे." आनि दारातली ती बाई एक पाऊल आत आली.

त्याच वक्ताला परीनं भोकाड पसरलं.

आत्या हुश्श हुश्श करत्यात, मामा टाळ्या वाजवत्यात, सगळा वर्ग मागं बघतोय. मी बी उठनार होते. पन उठता उठता माझं ध्यान गेलं, की हे मशीन अगदी परीसारखं करतंय. परी कशी रडती? एका दमात रडती, रडती, रडती, मग श्वास घ्यायला थांबती. ते थांबनं म्हंजे माझा वेळ. दीड वर्सं माझी सगळी भाकरी त्या थांबन्यात थापलीया, धुनं त्यात पिळलंय, केस त्यात विंचरल्यात, आनि विद्यापीठाच्या त्या परीक्षेचा सगळा अभ्यास बी त्यातच झालाय! आनि हे एंटर बी तसंच: दडादडा दडादडा पडायचं, मग गप. मग परत दडादडा.

मी बसले. पदर खोचला. एंटर पडत होतं तवा हात वर धरून बसले. पडू दे. पडू दे. रड बाई, काय रडायचं ते रड. गप झालं, आनि मी सुटले! शब्द, कंस, नाव... "सारिका"च्या शेवटाला परत एंटर! लाल!

माझं नाव तेवढ्या दमात बसत न्हवतं.

परत हात वर. परत दडादडा. परत गप. शब्द, कंस, आनि आत लिवलं "परी", कंस बंद, आनि मी हात वर करून खुर्चीत मागं सरले, गरम तव्यावरनं सरतात तशी!

एंटर पडलं. एकदम वक्तशीर!

स्क्रीनवर, बरोबर कुंकवाच्या खाली, आलं: परी.

"सर!" मी अशी वरडले की परी गप झाली.

सर धावत आले. बघितलं. "अरे वा! चाललं की! तुमचं नाव परी?"

"न्हाई सर, ती मागं रडतीया ती."

"पण थांबा, मी अजून तपासलं पण नव्हतं. एंटर कधी दाबलंत?"

"मामांनी दाबलं, सर. सकाळीच."

"एका दनक्यात!" मामा मागनं म्हनले.

सरांना मग सगळी हकिकत सांगावी लागली. ते इतके हसले की खुर्चीवर बसले. म्हनले, "ताई, चाललं म्हणजे चाललं. जागा तुमचीच." दारातली बाई बिचारी गेली, पन जाताना तिच्या हातावर खोबरं पडलं, कारन मामांनी त्याच नारळाचे तुकडे करून आनलते आनि ते वर्गभर वाटायला लागलते! सरांनी बी खाल्लं. "गोड आहे," म्हनले. मामा म्हनले, "पानी तर ह्याच्यावून गोड होतं. मशीननं पिऊन टाकलं."

गाडीत बसताना आत्यांनी परीला मांडीवर घेतलं. मग म्हनल्या, "सारके, ह्याच्या फुडं काय असतंय गं? म्हंजे हे वरीस झाल्यावर? आनखी शिकत्यात का?"

"असतंय की, आत्या. पन तुमचे गुडघे..."

"गुडघ्याचं मी बघीन. तू तुजं बघ."

सोमवारी लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानदारानं मागचं झाकन उघडलं, आत बघितलं, वास घेतला आनि विचारलं, "ताई, नारळीभात करत होता का?" मी म्हनलं, गूळ टाकायचा तेवढा र्‍हायला. त्यानं सगळं झाडून पुसून नवी बटनं बसवून दिली. आता लॅपटॉप असा शानपनानं वागतो की बघत र्‍हावं!

तर फुडच्या रविवारी मी एकटी क्लासला गेले, ताठ मानंनं. घाबरले न्हाई, रडले न्हाई. सरांनी प्रोग्राम सांगितला, मी भराभर लिवला, सगळ्या वर्गाच्या आधी, आनि दोन्ही हात वर करून खुर्चीत मागं सरले. बसले वाट बघत. शेजारच्या पोरीचं झालं. तिच्या शेजारचीचं झालं. सगळ्या वर्गाचं छापून आलं. माझ्या स्क्रीनवर कायच न्हाई.

"सर," मी म्हनलं, "दुकानदारानं मशीन बिघडवलं बगा माझं. आदी चांगलं चालत होतं."

सर आले. माझी ओळ वाचली. कंस बघितले, एकेक अक्षर बघितलं, परत पहिल्यापासनं बघितलं. चूक कुटंच सापडंना. मग त्यांनी माझ्या त्या वर धरलेल्या हातांकडं बघितलं आनि हळूच विचारलं,

"ताई, एंटर दाबलंत का?"

मी म्हनलं, "ते मी दाबायचं असतंय व्हय?"